आठ वाजून पंधरा मिनिटांनी

नरकचतुर्दशीच्या पहाटे, बाहेर मिट्ट काळोख असताना, आमच्या घरच्या रेडिओवर नरकासुरवधाचे कीर्तन लागलेले असे. मग बातम्या, कोणाचे तरी भाषण, दुपारी बायकांसाठी काही, संध्याकाळी शेतकऱ्यांसाठी हवामान आणि बाजारभाव. यातले आम्ही काहीच निवडत नसू. शेती नव्हती, तरी कांद्याचा भाव कानावर पडे. दिवसाची अशी मिसळ करून ती साऱ्या देशाला एकदम वाढायची, ही कल्पना मुळात कोणाची, हा प्रश्न मला पुष्कळ उशिरा पडला. तिचा एक धागा सरळ लंडनला जातो. 1935 मध्ये हिंदुस्थानातल्या नभोवाणीची घडी बसवायला आलेले लायोनेल फील्डन हे बीबीसीचेच गृहस्थ होते. म्हणून मी 'रेडिओ टाइम्स' या बीबीसीच्या साप्ताहिकातल्या युद्धकाळातील कार्यक्रमपत्रिका वाचू लागलो, आणि त्यांत अनपेक्षितपणे एक मराठी नाव भेटले.

1 सप्टेंबर 1939 रोजी, म्हणजे इंग्लंडने युद्ध पुकारण्याच्या दोन दिवस आधी, बीबीसीने आपली प्रादेशिक प्रक्षेपणे गुंडाळून एकच 'होम सर्व्हिस' सुरू केली. तेव्हा ब्रिटनमध्ये सुमारे 90 लाख घरांकडे रेडिओचा परवाना होता. म्हणजे जवळजवळ सारा देश एका खोलीत बसवल्यासारखाच. दिवस सकाळी सातच्या बातम्यांनी उघडे. व्यायाम, मग मनाला उभारी देणारे पाच मिनिटांचे धार्मिक चिंतन, आठला पुन्हा बातम्या. सव्वादहाला प्रार्थना, पुढे शाळांसाठी पाठ. कारखान्यातल्या कामगारांचे हात चालते राहावेत म्हणून संगीत, पाचनंतर मुलांचा तास, सहाच्या बातम्या. हवामान मात्र नाही. जे शेतकऱ्याला कळेल ते जर्मन वैमानिकालाही कळेल, म्हणून अंदाज सांगणेच बंद झाले होते.

रात्री नऊच्या बातम्या हा दिवसाचा कळस. 1940 च्या उन्हाळ्यापासून निवेदक आपले नाव सांगू लागले. ही काही सौजन्याची रीत नव्हती. शत्रूने केंद्र ताब्यात घेऊन खोट्या बातम्या दिल्या, तर ओळखीचा आवाज नाही हे लोकांना समजावे, एवढाच हेतू. 15 ऑक्टोबर 1940 च्या रात्री ब्रॉडकास्टिंग हाउसवर पडलेला बाँब नऊच्या बातम्या चालू असतानाच फुटला. बीबीसीची सात माणसे गेली. तळघरातल्या स्टुडिओत ब्रूस बेलफ्रेज वाचत होते. ऐकणाऱ्यांना एक बोदा आवाज ऐकू आला, क्षणभर थांबणे जाणवले, आणि बातम्या पुढे चालू राहिल्या.

पण आवाजाची खरी परीक्षा वर्षभराने झाली. नोव्हेंबर 1941 मध्ये विल्फ्रेड पिकल्स यांना बातम्या वाचायला बसवले गेले. ते यॉर्कशरचे, बोली उत्तरेकडची. उच्चार बदलला तर जर्मनांना नक्कल करणे कठीण जाईल, हा त्यामागचा एक विचार होता. लोक मात्र बिथरले. तक्रारी आल्या, वर्तमानपत्रांनी टवाळी केली. नवल असे, की नाराज होणाऱ्यांत उत्तरेकडचे लोकही होते. आपल्या घरातली बोली बातम्यांत आली की त्या बातम्या खऱ्या वाटत नाहीत, असे त्यांचे झाले. आपल्याकडे मालवणी किंवा अहिराणी वळणाच्या मराठीत कोणी बातमीपत्र वाचले असते, तर काय झाले असते, याची कल्पना वाचकांनी स्वतःच करावी.

याच काळात आठच्या बातम्यांनंतर, सव्वाआठला, 'किचन फ्रंट' नावाचा पाच मिनिटांचा कार्यक्रम लागे. जून 1940 मध्ये अन्न खात्याच्या साथीने तो सुरू झाला. लोणी, साखर, मांस, सारेच शिधापत्रिकेवर. मिळेल त्यात काय रांधायचे, ते सांगायचे. ही वेळही नेमकी निवडलेली होती. न्याहारी आटोपून बाजारात निघण्याआधी बाईच्या कानावर कृती पडली पाहिजे. आणि या इंग्रज स्वयंपाकघरांत मांसावाचून रांधण्याच्या हिंदी रीती सांगायला बोलावल्या गेल्या, त्या वेणू चितळे.

जन्म 1912 चा, कोल्हापूरजवळच्या शिरोळचा. आईवडील लहानपणीच गेले. शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेत आणि नंतर मुंबईला. 1934 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तेथे झेड. ए. बुखारी बीबीसीचा हिंदुस्थानी विभाग उभारत होते, त्यांनी 1940 मध्ये चितळ्यांना नभोवाणीवर आणले. पुढे जॉर्ज ऑर्वेल पूर्वेकडच्या विभागात रुजू झाले, तेव्हा त्या त्यांच्या सहकारी झाल्या. 1942 मध्ये ऑर्वेल इंग्रजीत आठवड्याचे वार्तापत्र लिहीत, त्याचा मराठी अवतार हिंदुस्थानाकडे प्रक्षेपित होई, आणि तो करणाऱ्यांत व वाचणाऱ्यांत चितळे होत्या.

इथे मी थबकतो. 1942 चा तो ऑगस्ट. गवालिया टँकवरचा ठराव, नेत्यांची धरपकड. 22 वर्षांच्या उषा मेहता मुंबईत जागा बदलत बदलत काँग्रेसचा गुप्त रेडिओ चालवत होत्या. नोव्हेंबरात त्या पकडल्या गेल्या. आणि त्याच वर्षी लंडनहून एक मराठी बाई सरकारने तपासलेला मजकूर मराठीत वाचते आहे. तिथे एकही शब्द ऐनवेळचा नसे. मजकूर आधी दोन कसोट्यांतून पार पडे, एक धोरणाची आणि एक सुरक्षिततेची. वाचताना बाजूला बटणावर हात ठेवून माणूस बसे. एक शब्द वावगा गेला की प्रक्षेपण बंद.

चितळ्यांना सरकारची पोपट म्हणणे सोपे आहे. मला ते पटत नाही. स्वातंत्र्यासाठी इंग्लंडात काम करणाऱ्या इंडिया लीगमध्येही त्या होत्याच. आणि ज्यांचे शब्द त्या वाचत, त्या ऑर्वेलनाही या कामाचा वीट आला होता. आपला वेळ आणि जनतेचा पैसा फुकट चालला आहे, असे लिहून त्यांनी 1943 मध्ये राजीनामा दिला. मला मात्र वाटते, की फुकट गेले असलेच तर ते हिंदुस्थानकडचे प्रक्षेपण. सव्वाआठची ती पाच मिनिटे नव्हेत. यॉर्कशरच्या माणसाने बातम्या वाचलेल्या ज्या देशाला खपत नव्हत्या, त्याच देशाने शिरोळच्या बाईकडून भाजी कशी करायची ते ऐकून घेतले. कदाचित स्वयंपाकघर होते म्हणूनच. बातम्यांच्या वेळी तिला कोणी बसवले नसते, हेही तितकेच खरे.

युद्ध संपल्यावर त्या परतल्या. 1950 मध्ये त्यांची 'इन ट्रान्झिट' ही पुण्यातल्या एकत्र कुटुंबाची इंग्रजी कादंबरी निघाली, आणि हळूहळू नाव मागे पडले. त्या काळातली बहुतेक भाषणे थेट प्रक्षेपित होत. कागद उरले, आवाज विरले. उरले आहे ते 1942 मधले एक छायाचित्र, 'व्हॉइस' या काव्यविषयक कार्यक्रमाच्या वेळचे. टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद, जमैकाच्या उना मार्सन, पुढे ऑल इंडिया रेडिओचे महासंचालक झालेले नारायण मेनन, मागे उभे ऑर्वेल. बसलेल्यांची नावे डावीकडून मोजतात, त्यामुळे चित्राखालच्या ओळीत पहिले नाव येते ते वेणू चितळे यांचे.