भाकरी, पोळी आणि पाव : शिळेपण वेगळे, बुरशी वेगळी

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग लोकव्यवहारात मानले जातात. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील बुलढाणा, चिखली, मेहकर हा मुलूख तुलनेने थंड. तर पूर्णा खोऱ्यातील मलकापूर, नांदुरा, शेगाव येथे मे महिन्यात पारा अनेकदा ४० अंशांच्या पुढे जातो. ज्वारीची भाकरी आणि गव्हाची पोळी दोन्हीकडे आहे, शहरांत पावही रुळला आहे. मात्र सकाळी केलेले हे अन्न रात्रीपर्यंत नीट राहील की नाही, हे बऱ्याच अंशी ते कसे ठेवले यावर ठरते.

भाकरी असो वा पाव, ते दोन निराळ्या कारणांनी बिघडतात. पहिले कारण शिळेपणाचे. भाजताना पिठातील स्टार्च पाणी शोषून मऊ होतो. निवल्यावर त्याचे कण पुन्हा घट्ट रचले जातात आणि भाकरी कडक होते. अशी भाकरी चवीला उणी असली, तरी तेवढ्यावरून ती अपायकारक ठरत नाही. दुसरे कारण बुरशीचे. तिला ओल आणि ऊब लागते, आणि खरा धोका तिच्यापासून आहे. या दोहोंवरचे उपाय एक नव्हेत. ओल कोंडून ठेवली तर भाकरी मऊ राहते, पण बुरशीचे फावते. उघडी ठेवली तर बुरशी टळते, पण भाकरी वाळते.

दुरडीचे शहाणपण

बांबूची दुरडी आणि सुती फडके या जुन्या जोडीने हा पेच बराचसा सोडवला होता. तव्यावरून उतरलेली भाकरी दुरडीच्या कडेला क्षणभर उभी टेकवायची, तिची वाफ जाऊ द्यायची, मगच फडक्यात गुंडाळायची. दुरडीच्या फटींतून जादा वाफ बाहेर पडते आणि फडके उरलेली ओल धरून ठेवते. स्टीलच्या डब्यात गरम भाकरी किंवा पोळी ठेवून झाकण घट्ट लावले, की वाफेचे पाणी होऊन तळाची पोळी चिकट होते. बिघाडाची सुरुवात तेथेच होते. डबा वापरायचाच असेल, तर तळाशी व वर कोरडे फडके घालावे. फडके रोज धुऊन उन्हात वाळवणेही तितकेच आवश्यक आहे.

ज्वारीत गव्हासारखे चिवट ग्लुटेन नसते. त्यामुळे तिचे पीठ गरम पाण्याने मळतात आणि भाकरी पोळीपेक्षा लवकर कडक होते. प्रवासाच्या शिदोरीसाठी दुधात मळलेल्या दशम्या करण्याची रीत आहे. दुधामुळे त्या अधिक काळ मऊ राहतात. शिदोरीत भाजी वा ओला ठेचा भाकरीवर न ठेवता वेगळा बांधावा. सोलापूरकडील कडक भाकरी नेमका उलटा मार्ग धरते : तिच्यातील पाणीच काढून टाकल्याने ती अनेक दिवस टिकते. शिळी भाकरी ताकात कुस्करून किंवा फोडणी देऊन खाणे हाही शिळेपणावरचाच उपाय आहे, बुरशीवरचा नव्हे.

फ्रिज आणि पाव

पाव फ्रिजमध्ये ताजा राहतो, हा समज अर्धाच खरा आहे. थंडाव्याने बुरशी मंदावते, परंतु शून्याच्या थोड्या वरच्या तापमानात स्टार्च अधिक वेगाने घट्ट होतो आणि पाव लवकर कोरडा पडतो. एक-दोन दिवसांत संपणारा पाव कोरड्या, सावलीच्या जागी बाहेर ठेवावा. अधिक दिवस ठेवायचा असल्यास हवाबंद पिशवीत घालून थेट फ्रीझरमध्ये. उणे १८ अंशांच्या आसपास दोन्ही क्रिया जवळपास थांबतात. कडक झालेल्या पोळीवर पाण्याचा हबका मारून ती तव्यावर तापवली, तर पुन्हा मऊ होते. मात्र ती लगेच खावी.

कडक उन्हाळ्यात पावाचा मधला भाग चिकट होऊन त्याला सडलेल्या फळासारखा वास येतो, तोडताना धागे निघतात. हा बुरशीचा नव्हे, तर भट्टीच्या उष्णतेतही तग धरणाऱ्या जिवाणूंचा प्रताप असतो. असा पाव खाऊ नये.

बुरशीचा ठिपका दिसल्यास तेवढाच भाग काढून उरलेला पाव खाण्याची सवय अनेक घरांत आहे. पावासारख्या सच्छिद्र पदार्थात बुरशीचे तंतू न दिसता आत पसरतात, आणि काही बुरशींची विषे तव्यावर तापवूनही पूर्णपणे नष्ट होत नाहीत. अशी पोळी वा पाव टाकून द्यावा. जनावरांनाही घालू नये. भाकरी वर्तमानपत्रात गुंडाळणेही टाळावे. छपाईची शाई अन्नात उतरते, असा इशारा देशाच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये दिला आहे.

अन्न वाया घालवू नये, ही शिकवण योग्यच आहे. पण ती पाळायची वेळ बुरशी आल्यावरची नसून भाकरी तव्यावरून उतरते तेव्हाची आहे. तेव्हा वाफ जाऊ दिली आणि गरजेपुरतेच भाजले, तर टाकून देण्याचा प्रसंग क्वचितच येतो.