हेन्री काउ: सहा तबकड्या, तीन मोजे आणि मालकीचा प्रश्न

१२ मार्च १९७८, रविवार. लंडनच्या न्यू लंडन थिएटरात पाच देशांतले पाच बँड एकाच कार्यक्रमात वाजवले. इटलीचा स्टॉर्मी सिक्स, स्वीडनचा सामला माम्मास मान्ना, बेल्जियमचा युनिव्हेर झेरो, फ्रान्सचा एत्रों फू ल्लुब्लां, आणि यजमान इंग्लंडचा हेन्री काउ. कार्यक्रमाचं नाव 'रॉक इन ऑपोझिशन', म्हणजे विरोधी बाकावरचं रॉक म्हणा हवं तर. घोषणा अशी होती की, रेकॉर्ड कंपन्यांना तुमच्या कानावर पडू द्यायचं नाही ते संगीत हेच.

घोषणा जरा जास्तच ताणलेली आहे, असं माझं मत. कंपन्यांना या संगीताची भीती वगैरे काही नव्हती. त्यांना त्यात रस उरला नव्हता, एवढंच. पण बंदीपेक्षा हे दुर्लक्ष जास्त वाईट असतं. बंदी आली की निदान बातमी तरी होते!

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे मोजक्या लोकांनीच ऐकलेल्या या बँडवर एवढं लांबलचक का लिहायचं? तर कारण असं. कलावंत आणि कंपनी यांच्यात मालक कोण, हिशोब कोण ठेवणार, निर्णय कोण घेणार, हे प्रश्न आज सगळीकडे आहेत. हेन्री काउच्या जेमतेम सहा तबकड्या क्रमाने लावल्या की या प्रश्नाचा दहा वर्षांचा इतिहास समोर येतो. नुसतं संगीत ऐकू नका. लेबल बघा, कव्हर बघा, रचनेखाली कोणाचं नाव आहे ते बघा.

सुरुवात १९६८ची, केंब्रिज विद्यापीठातली. फ्रेड फ्रिथ आणि टिम हॉजकिन्सन हे दोन विद्यार्थी भेटले आणि वाजवू लागले. फ्रिथकडे गिटार आणि व्हायोलिन, हॉजकिन्सनकडे ऑर्गन आणि सॅक्सोफोन. बँडचं नाव हेन्री कॉवेल या अमेरिकन संगीतकारावरून घेतलं, असं अजून लिहिलं जातं. बँडवाल्यांनी ते वारंवार नाकारलंय. १९६९मध्ये बास वाजवणारा जॉन ग्रीव्ह्ज आला, १९७१मध्ये ड्रमर ख्रिस कटलर. कटलर आला आणि बँडला शिस्त लागली, असं म्हणायला हरकत नाही. बैठका, चर्चा, सगळं सर्वांनी मिळून ठरवायचं. एखाद्या कामगार संघटनेच्या कचेरीत शोभेल असा कारभार.

मग १९७३ साल उजाडतं आणि व्हर्जिन रेकॉर्ड्स ही नवी कंपनी येते. रिचर्ड ब्रॅन्सन तेव्हा विशीतला पोरगा. कोणतं संगीत घ्यायचं हे बघायचा सायमन ड्रेपर, आणि त्याचा कान खरंच चांगला होता. कंपनीची पहिलीच रेकॉर्ड माइक ओल्डफील्डची 'ट्युब्युलर बेल्स', मे १९७३मध्ये निघाली आणि तुफान चालली. पुढे 'एक्झॉर्सिस्ट' सिनेमात तिचा तुकडा वापरला गेला आणि मग तर विचारूच नका. त्याच वर्षी व्हर्जिनने हेन्री काउशी करार केला. ऑक्सफर्डशायरमधल्या एका जुन्या हवेलीत कंपनीचा 'मॅनर' हा स्टुडिओ होता, तिथे पहिला अल्बम रेकॉर्ड झाला.

नाव 'लेजंड'. शब्दाची फोड केली की 'लेग एंड', म्हणजे पायाचं टोक. म्हणून कव्हरवर मोजा. रे स्मिथ नावाच्या चित्रकाराने केलेला हा मोजा बँडची खूणच होऊन बसला. पहिल्यावर रंगीत, दुसऱ्यावर करडा-काळपट, तिसऱ्यावर लालभडक. अल्बममध्ये गाणी जवळपास नाहीतच, सगळं वाद्यसंगीत. जॅझसारखं सुरू होतं, ताल मोजायला जावं तर मोजता येत नाही आणि मध्येच सगळं विस्कटून पुन्हा एका सुरात येतं. शेवटी मात्र हॉजकिन्सनचं एक राजकीय गाणं आहे. पुढे काय येणार त्याची ती चाहूल.

इथे कराराबद्दल थोडं सांगायला हवं. त्या काळात रेकॉर्ड कंपनीचा करार साधारण असा असायचा: कंपनी आगाऊ पैसे देते, स्टुडिओचा खर्च करते, आणि तो सगळा बँडच्या नावावर मांडते. रेकॉर्ड विकली की बँडच्या वाट्याच्या रॉयल्टीतून आधी ते पैसे वळते होतात. ते फिटल्याशिवाय हातात काही पडत नाही. म्हणजे आपल्याकडे ऊसतोडीत मुकादमाकडून घेतलेली उचल असते ना, तिचाच हा सुटाबुटातला भाऊ. (ऊसतोड कामगाराचे हाल आणि केंब्रिजच्या पोरांची अडचण एकच आहे असं मी म्हणत नाहीये. हिशोबाची रीत एक आहे, एवढंच.) त्यात स्टुडिओ कंपनीचाच असला की खर्चही तिच्याचकडे परत जातो. खूप विकणाऱ्याला हे चालून जातं. कमी विकणारा मात्र कायम देणेकरी राहतो.

दुसरा अल्बम 'अनरेस्ट', १९७४. माझ्या मते हाच त्यांचा सर्वांत महत्त्वाचा. सॅक्सोफोनवाला जेफ ली सोडून गेला होता आणि त्याच्या जागी लिंडसे कूपर आली होती. तिची वाद्यं बसून आणि ओबो. रॉक बँडमध्ये बसून! स्टुडिओत शिरले तेव्हा यांच्याकडे अल्बमभर पुरेल एवढी तयार सामग्रीच नव्हती. पहिल्या बाजूपुरत्या रचना होत्या. त्यातली फ्रिथची 'रुइन्स' फिबोनाची क्रमाच्या आकड्यांवर बांधलेली आहे आणि ऐकताना गणित अजिबात जाणवत नाही. मग दुसरी बाजू? ती त्यांनी स्टुडिओतच घडवली. सगळ्यांनी मिळून काहीतरी वाजवायचं, टेपवर घ्यायचं, टेप कापायची, वेग बदलायचा, त्यावर पुन्हा वाजवायचं. आणि यातल्या बहुतेक रचनांखाली नाव कोणा एकाचं नाही, पाचही जणांचं. रचनाकाराच्या नावामागे पैसे असतात, हक्क असतात. तरी यांनी ते वाटून घेतले. सामूहिक मालकीवर भाषणं देणारे पुष्कळ भेटतात. रेकॉर्डच्या लेबलवर ती छापणारे फार थोडे.

त्यानंतर एक चमत्कारिक विलीनीकरण झालं. स्लॅप हॅपी हा व्हर्जिनचाच दुसरा बँड. हॅम्बुर्गची गायिका डागमार क्राउझे, इंग्लंडचा अँथनी मूर आणि अमेरिकन पीटर ब्लेगव्हाड. त्यांची गाणी छोटी, सुरेल, तिरकस. दोन बँड मिळून 'डेस्परेट स्ट्रेट्स' निघाला, १९७५च्या सुरुवातीला. लगेच त्याच वर्षी 'इन प्रेझ ऑफ लर्निंग'. मग मूर आणि ब्लेगव्हाड बाहेर पडले आणि क्राउझे राहिली. कंपन्यांच्या विलीनीकरणात असंच होतं, पण इथे निदान भांडण सुरांवरून होतं.

'इन प्रेझ ऑफ लर्निंग' हे नाव बर्टोल्ट ब्रेख्तच्या कवितेवरून. लाल मोजा याच अल्बमचा. हॉजकिन्सनची पंधरा मिनिटांची 'लिव्हिंग इन द हार्ट ऑफ द बीस्ट' यात आहे. क्राउझेचा आवाज पहिल्यांदा ऐकणारे दचकतात. गोड गाण्याचा प्रयत्नच नाही. शब्द फेकते, ओरडते, मध्येच कुजबुजते. शब्द जड आहेत आणि दोन ठिकाणी पत्रक वाचल्यासारखं वाटतं, हेही कबूल. पण राजकीय गाणं म्हणजे सोपी चाल आणि टाळ्या, हा समज तिथे मोडतो. ब्रेख्त आपल्याकडेही त्याच दशकात पोचला होता. १९७८मध्ये पुण्याच्या थिएटर अकॅडमीने पुलंचं 'तीन पैशाचा तमाशा' आणलं आणि त्यात मुंबईचा रॉक गायक नंदू भेंडे होता. दोन्हीकडच्या मंडळींना एकमेकांचा पत्ता असण्याचं कारण नाही. पण ब्रेख्त आणि रॉक यांची गाठ मराठी रंगभूमीवरही पडली होती, हे लक्षात असू द्या.

इंग्लंडात यांना कार्यक्रम कमी मिळायचे. म्हणून मुक्काम युरोपात, वर्षातले कित्येक महिने गाडीतून फिरणं. जून १९७५मध्ये रोमच्या पिआत्सा नावोना चौकात रॉबर्ट वायटबरोबर वाजवले. वायट म्हणजे सॉफ्ट मशीनचा ड्रमर, १९७३मध्ये खिडकीतून पडून कमरेखाली अधू झालेला. 'अनरेस्ट'च्या अर्पणपत्रिकेत त्याचं नाव आहे. इटलीत तेव्हा कम्युनिस्ट पक्ष ऐन भरात होता. १९७६च्या निवडणुकीत त्याला ३४ टक्क्यांहून जास्त मतं पडली. पक्षाच्या वृत्तपत्राच्या नावाने गावोगाव 'फेस्ता दे लुनिता' हे मेळावे भरायचे. खाणंपिणं, भाषणं, नाच, संगीत. आपल्या जत्रेत लाल झेंडे लावल्यासारखं. तिथे हेन्री काउला मंच मिळाला, श्रोते मिळाले. कंपनीच्या बाहेरही एक जग आहे आणि तिथे पोट भरू शकतं, हे या दौऱ्यांनी त्यांना दाखवलं.

त्या फिरतीचा दस्तऐवज म्हणजे १९७६चा 'कॉन्सर्ट्स', दोन तबकड्यांचा. आता लेबल बघा. इंग्लंडात तो व्हर्जिनच्या मुख्य लेबलवर नाही, 'कॅरोलाइन' या तिच्या स्वस्तातल्या उपलेबलवर निघाला. पुढच्या वर्षी मे महिन्यात व्हर्जिनने सेक्स पिस्टल्सला करारबद्ध केलं. वारं फिरलं होतं. १९७७ संपता संपता हेन्री काउ आणि व्हर्जिनचा संबंधही संपला.

मधल्या काळात ग्रीव्ह्ज गेला आणि त्याच्या जागी बास वाजवायला जॉर्जी बॉर्न ही चेलोवादक आली. म्हणजे कूपर, क्राउझे, बॉर्न. सहा जणांत तीन स्त्रिया, आणि क्राउझे सोडली तर दोघी वाद्य वाजवणाऱ्या. १९७७च्या रॉकमध्ये हे चित्र जवळपास कुठेच नव्हतं. पण अशा बँडमध्येही बोलण्यात वरचढ कोण, हा प्रश्न होताच. बैठकांत अस्खलित वाद घालणाऱ्याचं वजन पडतं आणि कमी बोलणारा 'सर्वानुमते' गप्प बसतो. आपल्या सोसायटीच्या सभेत जे चालतं तेच. कूपरने त्याच वर्षी मॅगी निकल्सबरोबर फेमिनिस्ट इम्प्रोव्हायझिंग ग्रुप काढला, फक्त स्त्रियांचा. बॉर्नही त्यात होती. हीच बॉर्न पुढे मानववंशशास्त्राची नामवंत अभ्यासक झाली.

जानेवारी १९७८. स्वित्झर्लंडमधल्या किर्शबेर्ग गावचा सनराइझ स्टुडिओ. क्राउझेने प्रकृतीमुळे बँड सोडला होता, पण गायला आली. रेकॉर्डिंग झालं आणि मग बैठकीत वाद पेटला. गाणी फार झाली, हा हेन्री काउचा अल्बमच नाही, असं हॉजकिन्सन आणि कूपरचं म्हणणं. फ्रिथ, कटलर आणि क्राउझेला गाणीच हवी होती. तोडगा काय निघाला? ती गाणी 'होप्स अँड फिअर्स' म्हणून तिघांच्या नव्या बँडच्या नावावर, 'आर्ट बेअर्स'च्या नावावर निघाली. पहिलंच गाणं ब्रेख्त आणि आइसलरचं. आणि हेन्री काउ विसर्जित करायचा, पण ठरलेले कार्यक्रम पुरे करून. कोर्ट नाही, नावावरून मारामारी नाही. सुरुवातीला सांगितलेला लंडनचा तो रविवार या निर्णयानंतरचा आहे. मंचावर उभा होता तो यजमान बँड मोडायचं ठरवून आला होता. शिवाय या 'विरोधी' मेळाव्याला ब्रिटिश आर्ट्स कौन्सिलचं अनुदान होतं, म्हणजे सरकारी पैसा. मला यात काही चूक वाटत नाही. बाजार ज्याला विचारत नाही त्याला सार्वजनिक पैसा नाही मिळायचा तर कोणाला?

शेवटचा कार्यक्रम २५ जुलै १९७८, मिलानच्या कॅथेड्रलसमोरच्या चौकात. त्यानंतर लगेच पुन्हा सनराइझ स्टुडिओ, आणि 'वेस्टर्न कल्चर'. एक बाजू हॉजकिन्सनची, एक कूपरची, गाणं एकही नाही. कव्हरवर मोजा नाही, चित्र कटलरचं. १९७९मध्ये निघाला तो 'ब्रॉडकास्ट' या त्यांच्या स्वतःच्या लेबलवर. बँड उरला नव्हता, मालकी मात्र पहिल्यांदा पूर्ण त्यांची होती.

कटलरने १९७८मध्येच 'रेकमेंडेड रेकॉर्ड्स' सुरू केलं. टपालाने यादी पाठवायची, कुठल्या कुठल्या देशांतले न विकले जाणारे बँड एकमेकांच्या श्रोत्यांपर्यंत पोचवायचे. दुकान म्हणून हे चालेल असं कोणाला वाटलं नसेल. ते दशकानुदशकं चाललं. व्हर्जिनकडे निघालेले जुने अल्बमही पुढे त्याच्याच लेबलवरून मिळू लागले. १९९१च्या सीडींवर काही अल्बमचं मिश्रण नव्याने केलेलं होतं. जुन्या श्रोत्यांनी नाकं मुरडली आणि नंतरच्या आवृत्त्यांत मूळ मिश्रण परत आलं. म्हणून विकत घेताना आवृत्ती बघून घ्या. २००९मध्ये चाळिशीच्या निमित्ताने नऊ सीडी आणि एक डीव्हीडी असा पेटारा आला, बहुतेक कधीच न निघालेल्या कार्यक्रमांचा. सहा तबकड्यांच्या बँडचं खरं काम मंचावर किती झालं होतं, ते त्यातून कळतं.

लिंडसे कूपर २०१३मध्ये गेली. मल्टिपल स्क्लेरोसिसने तिचं वाजवणं कित्येक वर्षं आधीच थांबवलं होतं. नोव्हेंबर २०१४मध्ये जुने सहकारी लंडन, हडर्सफील्ड आणि इटलीतल्या फोर्ली इथे एकत्र आले आणि तिच्या रचना वाजवल्या.

पहिल्यांदा ऐकणार असाल तर 'अनरेस्ट'पासून सुरू करा, आणि दुसरी बाजू अर्ध्यावर सोडू नका.