सुटकेच्या वाटेवरील रात्र

इतिहासकार आपत्तींची मोजदाद करतात, ती बहुधा आपत्ति जेथें कोसळली त्याच ठिकाणीं उभे राहून. भूकंप झाला, कीं पडलेलीं घरें मोजावयाचीं. पूर आला, कीं वाहून गेलेलीं माणसें मोजावयाचीं. परंतु आपत्ति टाळण्यासाठीं जे आधींच घराबाहेर पडले, त्यांचें वाटेंत काय झालें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. जो निघाला तो सुटला, अशी आपली समजूत असते. ती किती फोल आहे, हें अमेरिकेच्या टेक्सास संस्थानांत २२ सप्टेंबर २००५ च्या रात्रीं जें घडलें त्यावरून दिसून येतें.

त्या रात्रीचें मूळ शोधण्यास थोडें मागें गेलें पाहिजे. टेक्सासच्या किनाऱ्यालगत गॅल्व्हेस्टन नांवाचें एक सखल बेट आहे. ८ सप्टेंबर १९०० रोजीं वादळाबरोबर तेथें समुद्र शिरला आणि निदान ६,००० माणसें प्राणांस मुकलीं. कित्येकांच्या मतें हा आंकडा १२,००० पर्यंत जातो. वेळींच निघून जावें, हा धडा त्या किनाऱ्यास तेव्हांपासूनचाच. पुढें २९ ऑगस्ट २००५ रोजीं कॅट्रिना वादळांत न्यू ऑर्लीन्सचे बांध फुटले आणि त्या शहराचा सुमारें चार-पंचमांश भाग पाण्याखालीं गेला. छपरांवर बसून मदतीची वाट पाहणारीं माणसें साऱ्या जगानें पाहिलीं. त्यांतील हजारों निराश्रित ह्यूस्टन शहरीं आसऱ्यास आले. चार आठवडेहि लोटले नाहींत, तोंच रिटा नांवाचें दुसरें वादळ मेक्सिकोच्या आखातांत शिरलें. २१ सप्टेंबरला त्याच्या वाऱ्याचा वेग ताशीं १७० मैलांच्या वर गेला, आणि त्याचा रोख ह्यूस्टन-गॅल्व्हेस्टनकडे असल्याचें अनुमान प्रसिद्ध झालें.

योजना अशी होती, कीं ज्या सखल भागांत समुद्राचें पाणी शिरण्याचा धोका, तेथील लोकांनीं प्रथम निघावें. उंचावरील मजबूत घरांत राहणारांनीं मागाहून निघावें किंवा मुळींच निघूं नये. परंतु छपरांवरचीं तीं माणसें कोणाच्याहि डोळ्यांपुढून हालत नव्हतीं. ज्यांना निघणें अवश्य होतें त्यांच्याबरोबर, ज्यांना घरीं राहणें बरें होतें तेहि निघाले. निदान २५ लक्ष माणसें जवळजवळ एकाच वेळीं रस्त्यावर आलीं. ह्यूस्टनहून उत्तरेस डॅलसला जाणारा राजमार्ग सुमारें २४० मैलांचा. एरव्हीं चार तासांची वाट. त्या वाटेस कित्येकांना २४ तासांहून अधिक लागले. मोटारींची रांग १०० मैलांपर्यंत लांबली होती.

उष्णमान फॅरनहाइट मापानें १०० अंशांच्या जवळपास होतें. पेट्रोल पुरावें म्हणून लोकांनीं मोटारींतील गार हवेचीं यंत्रें बंद केलीं. त्यामुळें म्हातारीं, आजारी माणसें व मुलें उष्म्यानें कासावीस झालीं. पंपांवरील पेट्रोल संपलें. टाक्या रित्या झालेल्या गाड्या कडेस उभ्या राहिल्या. कोणी इंजिन बंद करून गाडी हातांनींच पुढें ढकलीत. रात्र पडली तरी रांग तशीच. झोपावें, तर पुढची गाडी दोन हात सरकलेली. जागावें, तर डोळे मिटूं लागलेले. पुढें जाववत नाहीं आणि मागें फिरवत नाहीं, अशी ती अवस्था. वाटेवरील लहान गांवांतील लोकांनीं पाणी आणून दिलें, ही त्या रात्रीची माणुसकीची बाजू. परंतु दक्षिणेकडे येणारा अर्धा रस्ता बराच काळ जवळजवळ रिकामा पडून होता! त्यावरूनहि उत्तरेकडे गाड्या सोडण्यांत आल्या त्या कोंडी झाल्यानंतर, आणि पेट्रोलची मदतहि उशिरांच आली.

त्या रात्रीचा शेवट अतिशय करुण झाला. ह्यूस्टनला लागून असलेल्या बेलेअर येथील वृद्धाश्रमाच्या रहिवाशांस घेऊन एक बस २२ तारखेच्या दुपारीं निघाली होती. सुमारें १५ तासांच्या प्रवासानंतर, २३ तारखेच्या पहांटे, डॅलसच्या अलीकडे विल्मर गांवापाशीं तिनें पेट घेतला. मागील एका चाकाच्या बेअरिंगला पुरेसें वंगण नव्हतें, असें चौकशींत निष्पन्न झालें. उतारूंपैकीं अनेकांना आपल्या पायांनीं उतरतां येत नव्हतें. आंत त्यांच्यासाठीं घेतलेलीं प्राणवायूचीं नळकांडीं होतीं. २३ वृद्ध मृत्युमुखीं पडले.

आणि वादळ? तें २४ तारखेस टेक्सास व लुइझियाना यांच्या सीमेपाशीं, बरेंच मंदावून, किनाऱ्यास लागलें. ह्यूस्टन बहुतांशीं वांचलें. वादळानें प्रत्यक्ष घेतलेले बळी ७. निघून जातांना व त्या निमित्तानें मेलेल्यांची संख्या १०० च्या घरांत. आगींतून निघून फुफाट्यांत पडणें म्हणतात तें हेंच.

यावरून निघून जाणेंच चूक, असा निष्कर्ष काढणें सोपें आहे. पण तो आम्हांस मान्य नाहीं. लुइझियानाच्या कॅमेरॉन भागांत समुद्रानें वस्त्याच्या वस्त्या धुऊन नेल्या, तरी तेथील लोक आधींच निघून गेले होते, म्हणून त्यांचे जीव वांचले. चूक निघण्यांत नव्हती. ज्यांनीं निघूं नये त्यांस वेळींच धीर न देण्यांत आणि रस्ता तयार न ठेवण्यांत होती. पुढें योजना बदलल्या. २००८ च्या आइक वादळांत पाण्याच्या धोक्याबाहेरील ह्यूस्टनकरांस घरींच राहण्यास सांगण्यांत आलें आणि पहिल्यासारखी कोंडी झाली नाहीं. २०१७ सालीं हार्वे वादळ आलें, तेव्हां महापौर सिल्व्हेस्टर टर्नर यांनीं शहर सोडण्याचा हुकूम दिलाच नाहीं. त्यांच्यापुढें २००५ ची ती रात्र उभी होती. त्या वेळीं पावसानेंच शहर बुडालें आणि त्यांच्या निर्णयावर टीका झाली. एका आपत्तीची आठवण दुसऱ्या आपत्तींत लोकांस धांवावयास लावते, आणि त्या धांवण्याची आठवण तिसरींत त्यांस जागीं बसविते. पण प्रत्येक वादळ निराळें असतें. आठवण हा विचाराचा आरंभ होय, शेवट नव्हे.

आमच्या मतें या हकीकतीचें सार एवढेंच, कीं ‘घर सोडा’ असें जो सांगतो, त्याच्यावर त्या क्षणापासून एक ऋण चढतें. रस्ता, पेट्रोल, पाणी आणि ज्यास चालतां येत नाहीं त्यास उचलून नेणारे हात, हें सारें त्या दोन शब्दांतच अंतर्भूत असतें. ज्यानें त्याची तजवीज केली नाहीं, त्यानें लोकांस संकटांतून सोडविलें नाहीं. त्यानें संकटाची जागा मात्र बदलली.