दावादावा

पश्चिम आफ्रिकेतील सॅव्हाना पट्ट्यात आंबवलेल्या बियांपासून होणारा मसाला. ‘दावादावा’ हे हौसा नाव. योरुबा लोक त्याला इरू, मांदे भाषक सुम्बाला आणि सेनेगलमधील वोलोफ लोक नेतेतू म्हणतात. बिया नेरे वृक्षाच्या (पार्किया बायग्लोबोजा, कुल फॅबेसी).

हा वृक्ष सेनेगलपासून युगांडापर्यंत आढळतो. शेतासाठी रान साफ करताना नेरेची झाडे मुद्दाम राखली जातात, त्यामुळे ज्वारी-बाजरीच्या पिकांत ती विखुरलेली दिसतात. लांब देठांना लाल, गोलसर फुलोरे लोंबतात. त्यांचे परागण मुख्यतः वटवाघळे करतात. शेंगेत बियांभोवती पिवळा, पिठूळ, गोड गर असतो. तो तसाच खातात किंवा पाण्यात कालवून पितात. शेंगांची टरफले उकळून काढलेला अर्क बुर्किना फासोतील तिएबेले येथे घरांच्या रंगवलेल्या मातीच्या भिंतींवर संरक्षक लेप म्हणून देतात. स्कॉटिश प्रवासी मंगो पार्क यांच्या १७९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात या शेंगांचा उल्लेख आहे. त्यांच्याच नावावरून रॉबर्ट ब्राऊन यांनी १८२६ मध्ये पार्किया हे प्रजातिनाम दिले. मुंबई-पुण्याच्या उद्यानांत लावलेले चेंडूफूल याच प्रजातीतील, पण जात वेगळी.

दावादावा करणे हे प्रामुख्याने बायकांचे काम आणि त्यांच्या हक्काच्या कमाईचे साधन. कामही चिवट. बियांचे कवच इतके कठीण, की त्या बारा तासांहून अधिक, पुष्कळदा रात्रभर आणि दुसऱ्या दिवशीही शिजवाव्या लागतात. मग उखळात हलके कांडून किंवा पायांनी तुडवून साले सोडवायची, भरपूर पाण्याने धुवायचे आणि डाळिंब्या पुन्हा शिजवायच्या. पाणी व सरपण यांचा खर्च इथेच होतो. निथळलेल्या डाळिंब्या भोपळ्याच्या तुंब्यात किंवा टोपलीत पानांखाली झाकून दोन-तीन दिवस उबेला ठेवतात. विरजण वेगळे लावत नाहीत. बॅसिलस सबटिलिस व तत्सम जिवाणू प्रथिनांचे विघटन करतात, अमोनिया सुटतो आणि बियांना चिकट तार येते. जपानी नॅट्टोही याच जिवाणूचे काम. तो मात्र सोयाबीनचा. शेवटी मीठ लावून गोळे वळतात किंवा वाळवतात.

कच्च्या दावादावाचा दर्प नवख्याला सोसवत नाही. पण हिंगाप्रमाणेच त्याची परीक्षा डबीत नव्हे, भांड्यात करावी: शिजल्यावर दर्प मावळतो आणि कालवणाला मांसरसासारखी खोल चव येते. नायजेरियात अख्ख्या दाण्यांचा ‘इरू वोरो’ आणि मऊ लगद्याचा ‘इरू पेते’ असे दोन प्रकार विकतात; एवेडू या पालेभाजीच्या बुळबुळीत कालवणात लगदाच घालतात. बुर्किना फासोत सुम्बाला घालून केलेला भात लोकप्रिय आहे. नेरेच्या बिया महाग पडतात तेथे सोयाबीन वापरले जाते.

शहरी स्वयंपाकघरांत आता मॅगीसारख्या तयार वड्यांनी बरीच जागा घेतली आहे. त्या स्वस्त, बिनवासाच्या आणि झटपट विरघळणाऱ्या. मात्र वडीत मुख्यतः मीठ आणि चववर्धक असतात, तर दावादावात प्रथिने व स्निग्धांश भरपूर. म्हणून वडीला दावादावाचा पर्याय म्हणणे चवीच्या बाबतीत अर्धेच खरे, आणि आहाराच्या बाबतीत चूक.