सुई टोचून घेण्यापूर्वी : ॲक्युपंक्चर, डॉ. कोटणीस आणि तीन ऐकीव गोष्टी

यवतमाळ, वणी किंवा पुसद येथे ॲक्युपंक्चरच्या शिबिराला प्रथमच निघालेल्या माणसाच्या कानी सुईच्या आधी बहुधा इतिहास पडतो. ही पाच हजार वर्षांची विद्या आहे. ती मूळची भारतीयच आहे. आणि सोलापूरच्या डॉ. कोटणीसांनी ती चीनमधून परत आणली. कपाशीच्या वेचणीने कंबर धरलेल्या माणसाला हे ऐकून धीर येतो आणि त्या धीराच्या भरात विचारायचे प्रश्न राहून जातात. हा धागा त्या तीन गोष्टींविषयी आणि राहून जाणाऱ्या प्रश्नांविषयी.

तिसऱ्या गोष्टीपासून आरंभ करू, कारण ती आपल्या घरची आहे.

जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनमधून जनरल चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्याची मागणी केली. सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना, १ सप्टेंबर १९३८ रोजी, पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून ‘राजपुताना’ जहाजाने निघाले. अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी ही ती पाच नावे. यांपैकी डॉ. चोळकर नागपूरचे. पाचांतला एक विदर्भाचा होता, हे विदर्भातही फारसे कोणाच्या स्मरणात नाही.

द्वारकानाथ कोटणीस हे मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले शल्यचिकित्सक. उत्तर चीनच्या डोंगराळ मुलुखात आठव्या मार्गसेनेच्या जखमींवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, पुढे बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद सांभाळले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांचे कार्य शल्यक्रियेचे होते, सुयांचे नव्हे. शिवाय जो माणूस मायदेशी परतलाच नाही, त्याने ही विद्या परत आणली तरी केव्हा?

ती आणली त्यांचे सहकारी डॉ. विजयकुमार बसू यांनी. बसू १९४३ मध्ये भारतात परतले. १९५८ मध्ये पुन्हा चीनला गेले, तेथे ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५९ पासून कोलकात्यात ते उपचार देऊ लागले. पुढे कोटणीसांच्या नावाने स्मृती समिती उभी राहिली, बसू तिचे अध्वर्यू होते आणि देशात ठिकठिकाणी निघालेल्या ॲक्युपंक्चर केंद्रांना कोटणीसांचे नाव मिळाले. दिवंगत मित्राला वाहिलेली ही आदरांजली लोकस्मृतीत त्या मित्राचेच कर्तृत्व होऊन बसली. शांतारामांच्या १९४६ च्या चित्रपटाने कोटणीसांना घराघरांत पोहोचवले होते. बसूंच्या वाट्याला असा चित्रपट आला नाही.

‘मूळची भारतीय’ या दाव्याला आधार म्हणून सुश्रुतसंहितेतील शिरावेध पुढे केला जातो. पण शिरावेध म्हणजे शीर उघडून दूषित मानलेले रक्त काढणे, रक्तमोक्षणाचा एक प्रकार. प्राचीन चिनी ग्रंथांतही रक्त काढण्याचे प्रयोग आहेत, त्यामुळे साम्य अगदीच खोटे नाही. मात्र रक्त काढण्याची प्रथा जगात अनेक ठिकाणी होती आणि साम्यावरून उगम सिद्ध होत नाही.

पाच हजार वर्षांचा आकडा येतो तो ‘पीत सम्राट’ ह्वांगदी या पौराणिक राजाच्या नावावरून. त्याच्या नावे असलेला वैद्यकग्रंथ प्रत्यक्षात इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या एक-दोन शतकांत सिद्ध झाला. याहून बोलका पुरावा मावांगद्वेइ येथील थडग्यांचा आहे. इ. स. पू. १६८ मध्ये बंद झालेल्या तेथील थडग्यातून १९७३ साली रेशमावर लिहिलेले वैद्यकीय लेख निघाले. त्यांत शरीरातील वाहिन्यांचे वर्णन आहे, वनस्पती जाळून शेक देण्याची रीत आहे. सुया टोचण्याचा उल्लेख मात्र नाही. दोन हजार वर्षे हेही काही थोडेथोडके वय नव्हे, पण ते पाच हजार नव्हे.

ही परंपरा अखंडही नव्हती. १८२२ मध्ये खुद्द चीनच्या दरबाराने राजवैद्यकीय संस्थेतून ॲक्युपंक्चर वगळले. १९३० च्या दशकात चेंग दानआन यांनी बारीक सुया रूढ केल्या आणि टोचण्याच्या जागा रक्तवाहिन्यांपासून दूर सरकवल्या. १९५० च्या दशकात, आधुनिक डॉक्टरांची वानवा असताना, माओंच्या राजवटीने या पद्धतीला राजाश्रय दिला. आज शिबिरात दिसणारी केसासारखी सुई या अर्वाचीन घडामोडींची संतती आहे.

आता गुणाचे. जर्मनीत कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सहा महिन्यांनंतर ॲक्युपंक्चर घेतलेल्यांपैकी ४७.६ टक्क्यांना आराम होता. औषधे, व्यायाम अशा नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण २७.४ टक्के होते. परंतु ज्यांना मुद्दाम चुकीच्या जागी, वरवर सुया टोचल्या, त्यांच्यातही ते ४४.२ टक्के भरले. म्हणजे वेदनेवर उपयोग दिसतो, पण नेमक्या बिंदूंचा सिद्धान्त त्याने सिद्ध होत नाही. मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्या बंद करायला सांगणाऱ्याला या आकड्यांचा आधार मुळीच नाही.

सुई निर्जंतुक आणि एकदाच वापरायची असावी, तिचे पाकीट समोर फोडले जावे. पुन्हा वापरलेल्या सुईतून कावीळ पसरू शकते. छातीवर खोल गेलेली सुई क्वचित फुप्फुसाला छिद्र पाडू शकते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, गर्भारपण असेल किंवा हृदयात पेसमेकर बसवलेला असेल, तर ते आधीच सांगावे. सुयांना वीजप्रवाह जोडण्याचीही पद्धत आहे. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ या सालाने ओळखला जाणारा स्वतंत्र अधिनियम आहे, व्यावसायिकांच्या नोंदणीसाठी राज्य परिषद आहे. केंद्र शासनानेही फेब्रुवारी २०१९ मध्ये या पद्धतीला मान्यता दिली. तेव्हा यवतमाळच्या एखाद्या सभागृहातील खुर्चीवर बसण्यापूर्वी समोरच्याचा नोंदणी क्रमांक विचारता येतो. बसूंनी कोलकात्यात पहिली सुई टोचली, तेव्हा असे विचारण्याची सोय नव्हती.