गुरुवारच्या मैफली आणि घाट ओलांडून गेलेली एक धून

पहाटे आकाशवाणीचे केंद्र सुरू होताना तंबोऱ्याच्या नादावर व्हायोलिनची एक छोटी धून वाजते. ती ऐकली नाही असे मराठी घर मागच्या दोन-तीन पिढ्यांत सापडणे कठीण. शिवरंजनीची छाया असलेल्या या धूनेच्या रचनेचे श्रेय वॉल्टर काउफमान यांना दिले जाते. ते बोहेमियातून मुंबईस आलेले ज्यू निर्वासित होते आणि पियानोवादक होते. धूनेत पियानोचा एकही स्वर नाही. मुंबईत पियानोच्या साप्ताहिक मैफली भरवणाऱ्या गृहस्थाची सर्वांत अधिक ऐकली गेलेली रचना पियानोविना असावी, यामागे थोडा इतिहास आहे.

काउफमान यांचा जन्म १ एप्रिल १९०७ रोजी कार्ल्सबाड येथे झाला. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात कार्लोव्ही व्हारी या नावाने ओळखले जाते. बर्लिनमध्ये फ्रान्झ श्रेकर यांच्याकडे त्यांनी रचनाशास्त्राचे शिक्षण घेतले. प्रागच्या जर्मन विद्यापीठात महलरच्या सिम्फन्यांवर त्यांनी प्रबंध लिहिला; पण आपले मार्गदर्शक नाझी संघटनेत सक्रिय आहेत हे कळताच डॉक्टरेट स्वीकारण्यास नकार दिला. हिटलर सत्तेवर आल्यानंतर युरोपातील ज्यू संगीतकारांची दारे एकेक करून बंद होऊ लागली. जर्मनीत चित्रपटांचे शिक्षण घेतलेले मोहन भवनानी मुंबईत चित्रपट काढत होते आणि त्यांची ओळख होती. १९३४ च्या आरंभी काउफमान मुंबईच्या बंदरात उतरले. मुक्काम थोडक्या दिवसांचा ठरलेला होता. तो बारा वर्षे लांबला.

आल्यानंतर काही महिन्यांतच त्यांनी ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ उभी केली. चेंबर म्युझिक म्हणजे चार-पाच वादकांनी लहान दालनात, बिनध्वनिवर्धकाचे वाजवायचे संगीत. आपल्या खासगी बैठकीशी त्याची जात जुळते. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात हा कार्यक्रम होई. पियानोवर स्वतः काउफमान, व्हायोलिनवर मेहली मेहता आणि चेलोवर इटालियन वादक एदिजिओ व्हेर्गा, हा मुख्य संच. मे १९३७ पर्यंत या संस्थेचे १३६ कार्यक्रम झाले होते. तीन वर्षांत १३६, म्हणजे गुरुवार फारसे चुकलेच नाहीत. आरंभी श्रोते मूठभर असत, ते हळूहळू वाढत गेले. तरी अशा मालिकेची मर्यादा उघड होती: जिमखान्याच्या दालनात जेवढे मावतील आणि जिमखान्याची पायरी चढण्याचे धाडस ज्यांच्यात असेल, तेवढेच तिचे श्रोते. त्या काळच्या मुंबईत ही दुसरी अट पहिलीपेक्षा कडक होती. गिरगावातील चाळकरी गणेशोत्सवाच्या मांडवात मोठमोठ्या गवयांचे गाणे रस्त्यावर सतरंजी टाकून ऐकत असे आणि त्यासाठी त्याला कोणाचे निमंत्रण लागत नसे. बीथोव्हेन ऐकण्यासाठी मात्र आधी पोशाखाचा विचार करावा लागे.

वाद्यही अडचणीचेच. पियानोच्या पोटात दोनशेहून अधिक तारा असतात आणि त्यांचा एकत्रित ताण पंधरा-वीस टनांच्या घरात जातो. हा सारा भार पेलणाऱ्या लोखंडी चौकटीभोवती लाकूड, लोकरीचा नमदा आणि सरस यांचे नाजूक काम असते. नेमके हेच सारे पावसाळ्यात बिघडते. लाकूड फुगते, पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत, तारांना गंज चढतो, सरसाचे सांधे सुटतात. म्हणून युरोपातील कारखाने वसाहतींसाठी सांधे स्क्रूंनी आवळलेले, ‘उष्ण कटिबंधासाठी’ म्हणून खास बांधलेले पियानो पाठवीत.

१८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि मुंबईच्या धनिकांना खंडाळा-लोणावळ्यात बंगले बांधणे सोपे झाले. परंतु जेथे वर्षाला चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि आषाढात भिंतींनाही बुरशी येते, त्या मावळात पियानो सुरात ठेवणे म्हणजे कायमचा एक आजारी माणूस घरात सांभाळणे. पियानोचा सूर लावणाऱ्यालाही मुंबईहून किंवा पुण्याच्या लष्कर भागातून बोलवावे लागणार. पाश्चात्त्य अभिजात संगीत महाराष्ट्रात बंदराजवळच्या आणि छावणीजवळच्या वस्त्यांत अडकून राहिले, त्याला समाजरचना जितकी कारण, तितकी हवाही.

काउफमान यांचे वेगळेपण पुढच्या पावलात आहे. आल्यावर त्यांनी भारतीय संगीताच्या ध्वनिमुद्रिका मिळवून ऐकल्या. त्यांना ते संगीत परके आणि अनाकलनीय वाटले, हे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले. पण ज्या कलेवर लाखो लोक प्रेम करतात ती निरर्थक असू शकत नाही, म्हणजे उणीव ऐकणाऱ्याच्या कानात आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्या काळी हिंदुस्थानात आलेल्या युरोपीय संगीतज्ञांपैकी किती जणांनी दोष आपल्याकडे घेतला, हे मोजायला एका हाताची बोटे पुरावीत. काउफमान ऐकत राहिले, स्वरलिपी करत राहिले आणि राग गोळा करत राहिले.

येथे पियानोवादकाची खरी कोंडी सुरू होते. पियानोच्या सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. त्यामुळे कोणताही स्वर षड्ज मानून वाजवता येते, हे त्याचे सामर्थ्य. त्याची किंमत अशी की षड्जाखेरीज एकही स्वर नैसर्गिक जागी नसतो. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येणारा गंधार आणि पियानोचा शुद्ध गंधार शेजारी ठेवले, तर पियानोचा गंधार अर्धस्वराच्या सुमारे सातव्या हिश्शाने चढा निघतो. सरावलेल्या कानाला तो टोचतो. त्याहून मोठी अडचण मिंडेची. दोन पट्ट्यांच्या मध्ये पियानोजवळ काही नसते, आणि रागाचे निम्मे बोलणे तर तेथेच चालते. व्हायोलिनला ही अडचण नाही. मेहली मेहतांसारखा वादक हाताशी असताना, राग जाणणाऱ्या रचनाकाराने धून कोणत्या वाद्यावर द्यावी, याचे उत्तर अवघड नव्हते. १९३६ च्या सुमारास ती धून तयार झाली. तिच्यातील व्हायोलिन मेहलींचेच, असे सांगितले जाते.

१९३७ मध्ये काउफमान मुंबई रेडिओ केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख झाले आणि १९४६ पर्यंत तेथे होते. जिमखान्याची पायरी येथे आपोआप गळून पडली. रेडिओ फुकट नव्हता, वर्षाला दहा रुपयांचा परवाना लागे. पण एका परवान्यावर अख्खा वाडा ऐकत असे, आणि उपाहारगृहाच्या बाहेर उभ्या राहणाऱ्याला कोणी परवाना विचारत नसे.

तरी ही लाट सह्याद्रीच्या अलीकडेच अडली होती. २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालेल्या मुंबई केंद्राचा प्रक्षेपक अवघा दीड किलोवॉटचा होता आणि खात्रीशीर पल्ला सुमारे ३० मैलांचा. घाटमाथ्यावरचे लोणावळा त्या पल्ल्याच्या बाहेर. १९३८ मध्ये मुंबईत लघुलहरींचा दहा किलोवॉटचा प्रक्षेपक सुरू झाला, तेव्हा डोंगरांचा अडसर दूर झाला, कारण लघुलहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन दूरवर उतरतात. खंडाळ्याचा घाट ज्या पियानोला जड गेला असता, त्या पियानोवादकाची धून मावळात आकाशातून उतरली. पुण्याला स्वतःचे केंद्र मिळाले ते २ ऑक्टोबर १९५३ रोजी, आणि मावळात ती धून सुस्पष्ट, रोजची झाली ती त्यानंतर.

याच रेडिओचा एक निर्णय मराठी माणसाला फार लागला, आणि तोही पट्ट्यांच्याच वाद्याबद्दलचा. मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर हार्मोनियमला बंदी आली. लायनेल फील्डन तेव्हा रेडिओचे प्रमुख होते. त्याआधी दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीत पाहणारे इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी हार्मोनियमविरुद्ध लिहिले होते; रवींद्रनाथ ठाकुरांनाही हे वाद्य नकोसे होते. आक्षेप तेच, पियानोला लागू पडणारे: ठोकळेबाज स्वर आणि मिंडेचा अभाव. शास्त्र म्हणून ते खोटे नव्हते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी अधिकारी क्लेमेंट्स यांनी याच दोषावर उपाय म्हणून विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बावीस श्रुतींची पेटी करून पाहिली होती, ती प्रचारात आली नाही.

बंदीचा न्याय मात्र विचित्र होता. पियानो पाश्चात्त्य कार्यक्रमात निर्वेधपणे वाजत राहिला, आणि किर्लोस्कर-गंधर्वांच्या रंगभूमीपासून भजनी मंडळापर्यंत, गोविंदराव टेंब्यांपासून खेड्यातल्या कीर्तनकाराच्या साथीदारापर्यंत ज्या पेटीने मराठी गाणे उभे धरले, ती बाहेर बसली. पेटीवर हुकमत असलेले पु. ल. देशपांडे १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीत रुजू झाले, तेव्हाही ती बंदी उठलेली नव्हती. १९७१ मध्ये ती सैल झाली. विदेशी राजवट संपली, रेडिओचे नाव आकाशवाणी झाले, आणि तरीही पेटीला आत यायला स्वातंत्र्यानंतर चोवीस वर्षे लागली. याचा दोष केवळ फील्डन यांच्यावर ढकलता येत नाही.

गुरुवारच्या त्या संचातील व्हायोलिनवादकाची पुढची वाट स्वतंत्रपणे सांगण्यासारखी आहे. मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला होता. १९४५ मध्ये ते आयव्हन गॅलेमियन यांच्याकडे शिकण्यासाठी अमेरिकेत गेले. पुढे मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात काही वर्षे वाजवून अखेर लॉस एंजेलिसमध्ये स्थिरावले. तेथे १९६४ मध्ये त्यांनी ‘अमेरिकन यूथ सिम्फनी’ उभारली, तरुण वादकांना पूर्ण वाद्यवृंदाचे शिक्षण देणारी. १९९८ पर्यंत, म्हणजे वयाच्या नव्वदीपर्यंत, तेच तिचे संचालक होते. तिच्या बहुतेक मैफली विनामूल्य असत. विद्यापीठाच्या भव्य सभागृहात कोणीही यावे, बसावे, ब्राम्स ऐकावा. जिमखान्याच्या दालनात सुरू झालेल्या मुंबईकर वादकाने आयुष्याच्या उत्तरार्धात तिकीटखिडकीच काढून टाकली. ही संस्था २०२४ मध्ये बंद पडली. विनामूल्य मैफलीचा खर्च कोणीतरी करतच असतो, आणि तो कोणी करायचा हा प्रश्न साठ वर्षांनीही सुटत नाही.

मेहलींचे पुत्र झुबिन यांचा जन्म १९३६ चा, म्हणजे गुरुवारच्या मालिकेच्या ऐन भरातला. ते न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे संचालक असताना, ५ जुलै १९८६ रोजी, सेंट्रल पार्कमध्ये या वाद्यवृंदाची विनामूल्य मैफल झाली. श्रोत्यांचा अंदाज आठ लाखांचा होता. अभिजात संगीताच्या एका मैफलीला एवढा समुदाय जमल्याची दुसरी नोंद नाही. मुंबईत पाश्चात्त्य संगीताचा वसा पुढच्या पिढीकडे जावा म्हणून मेहलींच्या नावाची प्रतिष्ठान संस्था १९९५ मध्ये सुरू झाली. ती मुलांना शिकवते.

काउफमान १९४६ मध्ये मुंबई सोडून इंग्लंडला गेले. तेथून कॅनडात गेल्यावर विनिपेग सिम्फनीचे संचालकपद त्यांनी सांभाळले आणि १९५७ पासून ते अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात शिकवू लागले. १९६८ मध्ये त्यांचा उत्तर हिंदुस्थानी रागांवरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो मुंबईत जमवलेल्या टिपणांवर उभा होता. १९८४ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या रचनांची हस्तलिखिते त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. मुंबईच्या काळातील चौकडी आणि व्हायोलिन-पियानोच्या रचना कित्येक दशके कोणी वाजवल्या नाहीत. टोरांटोच्या एआरसी एन्सेम्बलने त्यांतील काही निवडून २०२० मध्ये पहिल्यांदा ध्वनिमुद्रित केल्या. त्या ऐकताना मधूनच पंचस्वरी चाल येते, चेलो खर्ज धरून राहतो, व्हायोलिन मिंडेकडे झुकते, आणि पियानो त्यांच्या खाली तालाची गत धरून चालत राहतो.