भोपाळमधील कॅथलिक कुटुंबांसाठी विवाह आणि कुटुंब साहाय्य : कोणाकडे जावे, काय विचारावे

आपल्या मंडळात गणेशोत्सवाला आणि कोजागिरीला हौसेने येणारी काही कुटुंबे कॅथलिक आहेत, हे नव्या सभासदांना बरेचदा उशिरा कळते. कोणी वसईकडचे, कोणी नागपूर-कामठीचे, कोणी श्रीरामपूरकडचे. मुलामुलींची लग्ने जमवताना, आणि एखाद्या घरी लग्न मोडताना, या कुटुंबांनी आम्हाला वेळोवेळी तेच प्रश्न विचारले. त्यांच्याशी सोयरीक झालेल्या हिंदू घरांनीही विचारले. उत्तरे एकत्र मिळावीत म्हणून हे टिपण केले आहे.

थोडी पार्श्वभूमी. 1 नोव्हेंबर 1956 रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि नागपूरच्या सचिवालयातली कितीतरी मराठी बिऱ्हाडे इकडे आली. भोपाळचा कॅथलिक महाधर्मप्रांत त्यानंतर सातच वर्षांनी, 1963 साली स्थापन झाला. त्याचे पहिले आर्चबिशप युजीन डिसूझा हेही नागपूरहूनच आले. त्याआधी ते नागपूरचे आर्चबिशप होते. म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांसारखीच त्यांचीही बदली झाली म्हणायची! 1994 पर्यंत ते इथे होते. जहांगीराबादचे सेंट फ्रान्सिस चर्च मात्र नवाबी काळातले, या सगळ्याच्या पुष्कळ आधीचे आहे. आज इंदूर, जबलपूर, ग्वाल्हेर, खंडवा आणि झाबुआ हे धर्मप्रांत भोपाळच्या कक्षेत येतात.

वसईतल्या आणि इथल्या परिस्थितीत एक मोठा फरक आहे. वसईचा धर्मप्रांत 1998 मध्ये मुंबईपासून वेगळा झाला. तिथे प्रार्थना मराठीत, चर्च चालत जाण्याच्या अंतरावर, आणि आत्या-मामा-काकू पलीकडच्या वाडीत. नवराबायकोचे बिनसले तर फादरांच्या कानावर जाण्याआधी चार बायका घरी येऊन बसतात. ते नेहमीच सुखाचे असते असे नाही, पण कोणी एकटे पडत नाही. भोपाळमध्ये घरे विखुरलेली, नातेवाईक एका रात्रीच्या रेल्वेप्रवासावर, आणि चर्चमधला व्यवहार मुख्यतः हिंदी-इंग्रजीत. तिथे गोतावळा जे आपोआप करतो, ते इथे कोणीतरी ठरवून करावे लागते. धर्मप्रांताच्या कुटुंबविषयक कामाचा खरा उपयोग हाच, असे आम्हाला वाटते.

कामाची रचना

पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1981 साली कुटुंबाविषयी ‘फॅमिलियारिस कॉन्सोर्तियो’ हे पत्र काढले. धर्मप्रांतातल्या कुटुंबांच्या देखभालीची पहिली जबाबदारी बिशपची आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. बिशप हे काम एखाद्या फादरांकडे सोपवतात आणि त्यांच्याबरोबर विवाहित जोडपी, डॉक्टर, वकील, समुपदेशक असा गट असतो. भारतातल्या बिशपांच्या परिषदेचाही कुटुंबासाठी स्वतंत्र आयोग आहे. पण सभासदांनी लक्षात ठेवावे की दार ठोठवायचे ते आपल्या धर्मग्रामाचे, म्हणजे आपण ज्या चर्चच्या हद्दीत राहतो तिथल्या फादरांचे. वरच्या कार्यालयात थेट गेलात तरी पहिला प्रश्न ‘तुमचे धर्मग्राम कोणते?’ हाच असतो.

आमच्या पाहण्यात सर्वांत जास्त उपयोग झाला तो अनुभवी जोडप्यांचा. लग्नाला वीस-पंचवीस वर्षे झालेले एखादे नवराबायको नव्या जोडप्याला जेवायला बोलावतात, सहा महिन्यांनी पुन्हा चौकशी करतात. पोप फ्रान्सिस यांच्या 2016 च्या ‘अमोरिस लेतिशिया’ या पत्रातही लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत अशी सोबत देण्यावर भर आहे. इथे भाषेचा मुद्दा येतो. माणूस नोकरीत कितीही हिंदी-इंग्रजी बोलो, घरातले भांडण मातृभाषेतच होते. ‘तू माझ्या आईला असं कसं बोललास’ हे वाक्य हिंदीत सांगताना त्यातली धारच जाते. म्हणून मराठी जाणणारे एखादे जोडपे मिळेल का, हे फादरांना जरूर विचारावे. आपल्या मंडळातली दोन-तीन ज्येष्ठ जोडपी हे काम आनंदाने करतील, अशी आमची खात्री आहे.

लग्नाआधी

फादरांना निदान तीन महिने आधी भेटावे. स्नानसंस्काराचा दाखला, अविवाहित असल्याचे पत्र आणि विवाहपूर्व शिबिराचे प्रमाणपत्र साधारणपणे लागते. मग फादर दोघांची वेगवेगळी मुलाखत घेतात आणि लग्नाची सूचना चर्चमध्ये जाहीर होते. शिबिरात संवाद, पैशाचे नियोजन, सासर-माहेर, कुटुंबनियोजनाच्या नैसर्गिक पद्धती, कायदा असे विषय असतात. मुलगा किंवा मुलगी मुंबईत नोकरीला असेल तर मुंबई महाधर्मप्रांताच्या ‘स्नेहालय’ या कुटुंब केंद्रात शिबिर करून तिथले प्रमाणपत्र आणता येते. मात्र आधी इथल्या फादरांना विचारून घ्यावे. चर्चच्या कायद्यात विवाहाचे किमान वय मुलासाठी 16 आणि मुलीसाठी 14 आहे. भारतात अर्थातच 21 आणि 18 हेच पाळले जाते.

दाखल्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण गोंधळ इथेच होतो. घरच्या ट्रंकेतला, आजोबांनी जपून ठेवलेला दाखला चालत नाही. नवा काढावा लागतो. कारण असे की कॅथलिक माणसाच्या आयुष्याची नोंद त्याच्या स्नानसंस्काराच्या वहीत ठेवली जाते. लग्न भोपाळमध्ये लागले तरी इथले फादर ते स्नानसंस्कार झालेल्या चर्चला कळवतात आणि तिथे, समजा वसईच्या एखाद्या वहीत, नावासमोर समासात विवाहाची नोंद होते. ताजा दाखला मागतात तो समास बघण्यासाठी. आधीचे लग्न लपवले असेल तर ते इथे उघड होते.

वर-वधूंपैकी एक कॅथलिक नसेल तर

दुसरी व्यक्ती प्रॉटेस्टंट असेल तर परवानगी लागते. हिंदू किंवा अन्य धर्माची असेल तर बिशपांकडून खास सूट घ्यावी लागते. ही सूट घेण्यासाठी धर्मांतराची अट नाही. कॅथलिक व्यक्तीने आपली श्रद्धा टिकवण्याचे आणि मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्याचा आपल्या परीने प्रयत्न करण्याचे वचन द्यायचे असते. दुसऱ्या व्यक्तीला या वचनाची कल्पना दिली जाते, तिच्याकडून वचन घेतले जात नाही. हे हिंदू व्याह्यांना आधीच नीट समजावून सांगितले तर निम्मी भीती जाते. मुलांच्या वाढीबद्दलचा खरा प्रश्न मात्र उरतोच, आणि तो साखरपुड्याआधी बोलून घ्यावा. बारशाच्या दिवशी बोलण्याचा तो विषय नव्हे.

हळद, मेंदी, केळवण यांना हरकत नसते. पण चर्चमध्ये विवाह झाल्यावर त्याच विवाहासाठी दुसरा धार्मिक विधी करून पुन्हा संमती देणे चर्चला मान्य नाही. ‘सकाळी चर्च, संध्याकाळी सप्तपदी’ असे परस्पर ठरवू नये.

कायद्याची बाजू अधिक महत्त्वाची आहे. हिंदू विवाह कायदा दोघेही हिंदू असतील तरच लागू होतो. एका रोमन कॅथलिक पुरुषाने हिंदू स्त्रीशी मंदिरात केलेला विवाह त्या कायद्याखाली अवैध ठरतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये दिला. अशा जोडप्यासाठी दोन सरळ मार्ग आहेत : 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे चर्चमध्ये लग्न, किंवा 1954 च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे तीस दिवसांची नोटीस देऊन नोंदणी विवाह. नुसता नोंदणी विवाह केला आणि बिशपांची सूट घेतली नाही, तर कायद्याने लग्न होते, पण चर्चच्या दृष्टीने होत नाही. शिवाय मध्य प्रदेशात 2021 चा धर्म स्वातंत्र्य कायदा आहे. कोणी स्वेच्छेने धर्म बदलणारच असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना साठ दिवस आधी कळवण्याची तरतूद त्यात आहे. अशा प्रकरणात वकिलाला आधी भेटावे, पत्रिका नंतर छापाव्यात.

लग्न अडचणीत असेल तर

आधी एक गोष्ट. घरात मारहाण होत असेल तर समुपदेशनाची वाट पाहू नये. महिला हेल्पलाइन 181 आहे, आणि जे. पी. रुग्णालयात ‘गौरवी’ हे संकटग्रस्त स्त्रियांसाठीचे केंद्र 2014 मध्ये सुरू झाले. ‘सहन कर, लग्न पवित्र असते’ असा सल्ला देणाऱ्या नातेवाइकांना आम्ही कळकळीने सांगतो की चर्चचा कायदाही अशा वेळी वेगळे राहण्याची मुभा देतो.

बाकीच्या प्रकरणांत समुपदेशन करून पाहावे. तरीही जमले नाही तर दोन वेगळ्या प्रक्रिया असतात. आमच्या ओळखीतल्या एका घरी मुलाला न्यायालयातून घटस्फोट मिळाला, दुसरे लग्न ठरले, हॉल घेतला, आणि मग फादरांनी विचारले, ‘चर्चचा निर्णय कुठे आहे?’ आई-वडिलांना असा काही निर्णय लागतो हेच ठाऊक नव्हते. तो हॉल सोडावा लागला. लग्न पुढे गेले, आणि मुलीकडच्यांना काय सांगावे हे कोणाला सुचेना.

चर्च घटस्फोट देत नाही. चर्चचे विवाह न्यायालय एवढेच तपासते की तो विवाह मुळात वैध रीतीने झाला होता का : संमती दबावाखाली होती का, महत्त्वाची गोष्ट फसवून लपवली होती का, जबाबदारी पेलण्याची मानसिक क्षमता होती का. विवाहाच्या बाजूने बोलणारा एक अधिकारीही त्यात असतो. पूर्वी एकमताचे दोन निकाल लागत. 2015 च्या सुधारणेनंतर एक पुरतो. अर्ज नाकारलाही जातो.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. चर्चने विवाह शून्य ठरवला तरी सरकारी कायद्यात तो कायम राहतो. सर्वोच्च न्यायालयाने हे 1996 मध्ये सांगितले आणि चर्चच्या निर्णयांना घटस्फोटाचे स्थान द्यावे ही मागणी जानेवारी 2017 मध्ये फेटाळली. नुसत्या चर्चच्या कागदावर दुसरे लग्न केल्यास द्विविवाहाचा गुन्हा होऊ शकतो. न्यायालयीन घटस्फोट 1869 च्या कायद्याखाली मिळतो. त्यात पूर्वी पत्नीला पतीचा व्यभिचार आणि शिवाय क्रूरता किंवा परित्याग असे काही सिद्ध करावे लागे. 2001 च्या दुरुस्तीने ती विषमता गेली आणि परस्पर संमतीचा मार्गही खुला झाला. त्यासाठी कलम 10-अ मध्ये दोन वर्षे वेगळे राहण्याची अट आहे.

दोन्ही अर्ज करायचे असतील तर विवाहाचा दाखला, पत्रव्यवहार आणि वैद्यकीय कागद यांच्या दोन प्रती सुरुवातीलाच काढून ठेवाव्यात. साक्षीदार बहुधा गावाकडचे असतात. त्यांचा जबाब त्यांच्या जवळच्या धर्मप्रांतात नोंदवून मागवता येतो, त्यासाठी म्हाताऱ्या मावशीला वसईहून भोपाळला आणण्याची गरज नसते.